नंबर चारशे सतरा

गुरुवारी सकाळी सात वाजता तेजू दारात येऊन उभी राहिली तेव्हा योगिता वसतिगृहाच्या हजेरीवर सही करत होती.

“आत्या, डोकं फार ठणकतंय गं. अंगात कसकस पण आहे.”

योगितानं तिच्या कपाळाला हात लावला. ताप होता, पण फार नव्हता. फेब्रुवारी संपत आला होता. बालाघाटाच्या माळावरून दिवसभर कोरडा वारा सुटायचा आणि वसतिगृहातल्या निम्म्या पोरी शिंकत-खोकत होत्या. तिनं कपाटातून तापाची गोळी काढली, पाणी दिलं आणि म्हणाली, “जा, झोप जरा. दुपारी प्रॅक्टिकल आहे ना तुझं? तोवर उतरेल.”

तेजू गेली. योगितानं उरलेल्या सह्या केल्या.

अकराच्या सुमारास तेजूच्या खोलीतली पौर्णिमा मडावी जिन्यावरून धावत खाली आली. “मॅडम, तेजस्विनी काहीतरी बरळतेय. मान हलवू देत नाही. आणि तिच्या पायांवर डाग आलेत, जांभळे.”

विद्यापीठाच्या रुग्णवाहिकेनं सोलापूरचं मोठं रुग्णालय गाठायला सत्तर मिनिटं घेतली. तेवढ्यात पायांवरचे डाग पोटापर्यंत चढले. तेजूचा बाप, अंकुश खंडागळे, बार्शीहून आला तो थेट लग्नाच्या वरातीतून. अंगात बँडचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर तशीच. चार वाजून चाळीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान खाली घातली. अंकुशनं बहिणीकडे पाहिलं. काही विचारलं नाही. विचारायला सुरुवात त्यानं नंतर केली.

तेजू एकोणीस वर्षांची होती. खंडागळ्यांच्या घरातली विद्यापीठात गेलेली ती दुसरी मुलगी, पहिली योगिता. पोरीला पुण्याला नको, माझ्या नजरेसमोर राहील, असं म्हणून योगितानंच तिला इथं आणलं होतं. बालाघाट विद्यापीठ निवासी होतं, एकोणीसशे विद्यार्थी, गावापासून दूर. योगिता तिथं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. नवऱ्यापासून वेगळी झाल्याला बारा वर्षं झाली होती, आणि मूल म्हणायला तिला भावाची ही एकच मुलगी होती.

शुक्रवारी सकाळी बार्शीला तेजूला अग्नी दिला. दुपारी योगिता परत विद्यापीठात आली, कारण तोवर आणखी दोघं आजारी पडली होती. एक मुलगा, एक मुलगी.

“मेनिंजायटिस,” डॉ. मारुलकर म्हणाले. विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचे ते प्रमुख. उंच, वाकलेले, बोलताना चष्मा काढून हातात धरणारे. “मेंदूच्या आवरणाचा दाह. मेनिंगोकॉकस. योगिताताई, तुम्ही घरी असायला हवं होतं. पण आलात हे बरं झालं.”

हा जंतू तसा माणसाचा जुनाच भाडेकरू. दर दहा धडधाकट माणसांतल्या एकाच्या घशात तो महिनोन्‌महिने मुकाट राहतो. त्या माणसाला पत्ताही नसतो. एका पेल्यातलं पाणी, जवळून आलेली खोकल्याची उबळ, तोंडाला तोंड लागणं, एवढ्यावर तो दुसऱ्याकडे जातो आणि तिथंही बहुधा मुकाटच राहतो. एखाद्याच्या बाबतीत मात्र तो घसा सोडून रक्तात उतरतो. मग सकाळी चालत आलेला माणूस संध्याकाळ पाहत नाही.

जुन्या काळी अशा वेळी सगळ्यांना एक गोळी देत. ती दिलीही होती. विद्यार्थ्यांना, रुग्णालयात जमलेल्या नातेवाइकांना. शुक्रवारी दुपारी उशिरा प्रयोगशाळेनं कळवलं की या वाणावर ती गोळी चालत नाही. लस होती, पण तिचा जोर यायला दहा दिवस लागणार होते. चालणारं इंजेक्शन एकच होतं, नवं, आणि अख्ख्या राज्यात त्याचे तीनशे डोस शिल्लक होते. ते ड्रोननं बर्फाच्या पेटीतून यायला निघाले होते.

“एकोणीसशे पोरं आणि तीनशे डोस,” योगिता म्हणाली.

“म्हणून वंशवेल,” मारुलकर म्हणाले.

वंशवेल हे यंत्र त्यांच्याच विभागात उभं होतं, शिलाई मशीनपेक्षा मोठं नव्हतं. घशातला स्वॅब त्यात घातला की चाळीस मिनिटांत ते जंतूची बावीस लाख अक्षरांची जनुकीय पोथी वाचून काढी. मारुलकर ते परीक्षेच्या भाषेत समजावून सांगत. समजा, पन्नास मुलांनी एकमेकांचं पाहून पेपर लिहिला. उत्तरं सारखी आली म्हणून चोरी पकडता येत नाही. चुका सारख्या आल्या की येते. जंतू स्वतःची नक्कल करताना अशाच बारीक चुका करतो, आणि त्या चुका पुढच्याच्या घशात जशाच्या तशा जातात. चुका जुळवत गेलं की कुणाचा जंतू कुणाकडून आला याची वेल उभी राहते. वेल दिशाही सांगते. ज्याच्या घशात जंतू वर्षभर मुरला, त्याच्याकडे नाना चुकांचा सगळा गोतावळा असतो. ज्याला तो कालपरवा मिळाला, त्याच्याकडे त्या गोतावळ्यातला एखाददुसराच आलेला असतो.

“वेलीवर जे आहेत त्यांना सुई. बाकीच्यांना फक्त लस,” मारुलकर म्हणाले. “पण त्यासाठी मला सगळ्यांचे स्वॅब हवेत. आणि पोरं देत नाहीयेत.”

ती का देत नाहीत हे योगिताला न सांगताही कळत होतं. मागच्या वर्षी दुसऱ्या राज्यातल्या एका वसतिगृहाच्या अशाच वेलीतली नावं बाहेर फुटली होती. ज्याच्यापासून सुरुवात झाली त्या पोराचं नाव दोन तासांत सगळीकडे झालं. त्याला मारलं, त्याच्या घरावर दगड गेले. शिवाय वेल आणखीही बरंच काही बोलते. कुणाचं तोंड कुणाच्या तोंडाला लागलं, हे आईबापांना कळू नये असं वाटणारी पोरं प्रत्येक वसतिगृहात असतातच.

त्या प्रकारानंतर नियम झाला होता. प्रयोगशाळेला फक्त नंबर दिसायचे. कुठला नंबर कुणाचा, हे कागदी वहीत, कुलपात, आणि किल्ली एकाच माणसाकडे. त्या माणसाला राखणदार म्हणत. पोरांनी कुणाचं नाव सुचवलं तर ते योगिताचं.

“घरचं दुःख असताना तुम्ही...” मारुलकर चाचरले.

“घरी बसून मी काय करू?”

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता मेसमध्ये ती एका बाकावर चढली. समोर हजार-बाराशे पोरं, नाकातोंडाला फडकी बांधलेली.

“काल माझी भाची गेली,” ती म्हणाली. “सकाळी तिनं मला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. मी तिला गोळी देऊन झोपायला पाठवलं. हे मी तुम्हाला सांगते, कारण तुमच्यातल्या कुणाकडून अशी चूक व्हावी असं मला वाटत नाही. ताप आला, मान आखडली, अंगावर डाग दिसले, तर काचेचा पेला घ्या आणि डागावर दाबून धरा. डाग फिका झाला नाही तर मिनिटभर थांबायचं नाही, माझं दार वाजवायचं. आणि स्वॅब द्या. नाव कुणाचंही असो, माझ्या तोंडून निघणार नाही. पोलीस विचारोत, कुलगुरू विचारोत, सख्खं माणूस विचारो.”

मागून कुणीतरी ओरडलं, “शब्द?”

“शब्द.”

रांग लागली. शनिवारी सकाळपर्यंत विद्यार्थ्यांचे अठराशेचाळीस स्वॅब झाले. गुरुवारी रुग्णालयात नातेवाइकांचे आणि तिथल्या कर्मचाऱ्यांचे घेतलेले स्वॅबही योगितानं नंबर घालून त्याच वहीत चढवले.

शनिवारी दहा वाजता मारुलकरांनी तिला पडद्यासमोर बसवलं. वेल उजवीकडे पसरत गेली होती, पानापानावर नंबर. दोन फांद्या मात्र कशालाच न लागता लोंबकळत होत्या.

“हे आजारी पडलेले दोघं. दोघांच्या जंतूत एक चूक सारखी आहे, आणि ती तेजस्विनीच्या जंतूत नाही. म्हणजे मध्ये कुणीतरी आहे. तिच्याकडून घेतलेला, या दोघांना दिलेला. त्यानं स्वॅब दिलेला नाही. ताई, हा माणूस आता, या क्षणी इथं फिरतोय. कदाचित तापानं फणफणतोय.”

वहीत नसलेली साठ नावं होती. योगितानं ती वाचायला घेतली आणि तिसऱ्या पानावर थांबली. आजारी मुलगा आणि मुलगी, दोघंही टेबल टेनिसच्या संघात. संघातली तिसरी पौर्णिमा. तिघं एकाच बाटलीनं पाणी प्यायची. त्यावरून योगितानं त्यांना एकदा टोकलंही होतं.

खोली रिकामी होती. पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली.

मागच्या फाटकाबाहेर चहाची टपरी होती, तिथं लातूरच्या बस थांबत. पौर्णिमा बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर आवळून. उन्हात बसून ती कुडकुडत होती.

“पौर्णिमा.”

“मला घरी जाऊ द्या, मॅडम.”

“एटापल्लीला पोचायला तुला सोळा तास लागतील.”

“लागू दे.” तिचे दात वाजत होते. “काल मेसमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही. म्हणाले, सुट्टीत जंगलात गेली होती, तिकडूनच घेऊन आली. अजून काही तपासलं नाही तर हे. स्वॅब दिला आणि माझाच नंबर निघाला तर? आमच्याकडे कोणी बोट दाखवलं की पुढं कोणी पुरावा मागत नाही, मॅडम.”

“तुझं नाव मी सांगणार नाही.”

“तेजू तुमची भाची होती. तिला माझ्यामुळं झालं असेल तरी?”

योगिता तिच्या शेजारी बाकावर बसली. तिला खोटं बोलायचं नव्हतं. “तरी,” ती म्हणाली. “हात दाखव.”

पौर्णिमानं बाही वर केली. मनगटाच्या आतल्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे चार-पाच डाग होते. योगितानं टपरीवाल्याकडून काचेचा ग्लास घेतला, त्यातला चहा मातीत ओतला आणि ग्लासाची कड डागांवर दाबली. काचेखाली कातडी पांढरी पडली. डाग तसेच राहिले, जांभळे.

लातूरची बस आली तेव्हा बाक रिकामा होता. पंचवीस मिनिटांत पौर्णिमाला सुई टोचली गेली, दीड तासात ती सोलापुरात होती. संध्याकाळी चारला तिथल्या डॉक्टरांनी फोन केला: वाचेल. दोन तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

त्या फोननंतर योगिता पहिल्यांदा रडली. ऑफिसचं दार लावून, तोंडात पदर कोंबून.

पण बस-थांब्यावरचा प्रकार टपरीवरच्या दहा जणांनी पाहिला होता. रविवारी सकाळी तिच्या फोनवर भावाची पोस्ट आली. तेजूचा फोटो, आणि खाली: ‘माझ्या पोरीला मारून पळून चाललेल्या पोरीला विद्यापीठ लपवत आहे. उद्या सकाळी दहा वाजता सोलापूरच्या रुग्णालयासमोर या.’ नाव नव्हतं. नावाची गरज उरली नव्हती. खाली तीन हजार लोकांनी ते लिहिलं होतं, आणि नावापुढे आणखी काय काय.

तिनं त्याला फोन केला. त्यानं उचलला नाही.

बाराच्या सुमारास मारुलकरांनी तिला बोलावलं. ते थकलेले होते, पण चेहऱ्यावर हलकेपण होतं. “कालपासून नवा रुग्ण नाही. दोनशे ब्याण्णव डोस गेले. वेल पुरी झाली, ताई. मूळसुद्धा सापडलं. टीव्हीवाल्यांना तेवढंच सांगितलंय, नंबरही नाही.” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “हा नंबर पाहा. याच्याकडे केवढा गोतावळा आहे चुकांचा! निदान आठ महिने हा जंतू त्याच्या घशात आहे. स्वतः ठणठणीत. त्याच्याकडून तेजस्विनीला, तिच्याकडून तुमच्या त्या सापडलेल्या मुलीला, तिथून पुढं. या माणसाला आजच्या आज सुई द्यायला हवी. तो अजूनही जंतू वाटतोय. हा डोस त्याच्यासाठी बाजूला काढलाय.”

नंबर चारशे सतरा होता.

चारशेच्या पुढचे नंबर कुणाला दिले होते, हे योगिताला आठवत होतं. तरी तिनं ऑफिसात जाऊन कुलूप काढलं, वही उघडली, बोट एकेका ओळीवरून खाली नेलं. चारशे सोळा: रुग्णालयातला वॉर्डबॉय. चारशे सतरा: अंकुश महादेव खंडागळे, नाते वडील. चारशे अठरा: सुमन अंकुश खंडागळे, नाते आई.

तिनं वही बंद केली, परत उघडली.

गेल्या रविवारी दादा आला होता. तेजूच्या विभागाचं स्नेहसंमेलन होतं. पोरीनं आग्रह केला म्हणून त्यानं क्लॅरोनेट वाजवलं, मग तिच्या हातात दिलं, तिनं दोन ओळी वाजवल्या, चुकली, हसली, त्यानं काढून घेऊन पुढची ओळ वाजवली, परत तिला दिलं. वाद्याच्या तोंडाशी असलेल्या एकाच पट्टीला आळीपाळीनं दोघांचे ओठ. शेवटी टाळ्या पडल्या तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या योगितानं वाजवल्या होत्या.

ती मारुलकरांकडे परत गेली. दारातच उभी राहिली.

“सर, ज्याच्याकडून आलं त्याला सांगायचं असतं का?”

“नियम नाही म्हणतो. सुई द्यायची, ‘संपर्कात होता’ म्हणायचं, बस.” त्यांनी चष्मा काढला. “तुम्हाला सांगायचंय?”

“त्याला समजावून सांगितलं, की तुझा यात काही दोष नाही, हा जंतू दहातल्या एकाच्या घशात असतोच... तर त्याला पटेल?”

मारुलकरांनी चष्म्याची काच पुसली. “मी हे यंत्र बनवलं तेव्हा वाटलं होतं, लोक विचारतील ‘कुठून आलं?’ आजवर एकानंही तसं विचारलेलं नाही. सगळे विचारतात ‘कुणामुळे?’ ” मग ते हळूच म्हणाले, “कोण आहे, हे मी विचारत नाही. पण ताई, तुम्ही बसा जरा. पाणी घ्या.”

“नको. सिस्टर तयार आहेत ना? निघते मी.”

बार्शी पन्नास मिनिटांवर. गाडीत शेजारी आरोग्य खात्याची सिस्टर मांडीवर थंड पेटी घेऊन बसली होती. दुतर्फा ज्वारीची काढणी चालली होती. योगिता मनात एकेक वाक्य जुळवत होती आणि मोडत होती.

घरासमोर मांडव नव्हता, पण माणसं मांडवाएवढी. अंगणात बायका, ओट्यावर बँडमधले वादक, चुलते, शेजारी. म्हातारी आत्तीबाई, दोघा बहीणभावांची आत्या, कोपऱ्यात खोकत बसलेली. सगळी भेटायला आलेली, सगळी एकमेकांना चिकटून बसलेली. त्यांच्या मधोमध अंकुश, तीन दिवसांची दाढी, हातात फोन. जो येईल तो त्याच्या गळ्यात पडत होता.

“दादा, आत चल. दोन मिनिटं.”

आतल्या खोलीत तो, ती, सिस्टर आणि दाराला टेकून वहिनी. योगितानं सांगितलं, घरच्यांना इंजेक्शन घ्यावं लागतं, रुग्णालयात दिलेली गोळी कामाची निघाली नाही. पहिल्यांदा तू घे, वहिनीला उद्या.

“मला काय बी नको,” अंकुश म्हणाला. “व्हायचं ते मला होऊ दे. बरंच हाय.”

“तुझ्यासाठी नाही, दादा. ही सगळी माणसं बसलीत बाहेर. आत्तीबाई ऐंशीच्या आहेत.”

“त्या पोरीला टोचलं नव्हं तुमी? माझ्या पोरीला मिळालं न्हाई, तिला मिळालं.”

“तिच्यामुळे काही झालेलं नाही. तीच मरता मरता वाचली.”

“मग कुणामुळं?” तो उभा राहिला. “तुझ्याकडं वही हाय. मारुलकर का फारुलकर, त्यानं टीव्हीवर सांगितलं, मूळ सापडलं म्हणून. तुला नाव म्हाईत हाय.”

“मी शब्द दिलाय सगळ्यांना.”

“मला दिलावतास की शब्द! ‘पोरगी माझ्या नजरेसमोर राहील.’ ” त्यानं फोन खाटेवर आपटला. “योगे, मी झोपलो न्हाई तीन दिवस. डोळं मिटलं की वाटतं, कुणीतरी हाय, खातंय-पितंय, हसतंय, आणि त्यानं माझी पोर नेली. नाव सांग. सांगितलंस तर घेतो तुझी सुई. न्हाई तर ही पेटी उचल आणि चालू लाग. उद्या दहा वाजता मी सोलापूरला जाणार हाय आणि माझ्याबरोबर चार गाड्या हायेत.”

सिस्टरनं पेटीवरची पकड बदलली. बाहेर आत्तीबाई पुन्हा खोकली.

योगितानं भावाकडे पाहिलं. आठवीत असताना तिची फी भरायला शाळेत आलेला हा, बँडच्या त्याच लाल कोटात. पोरं हसली तेव्हा ताठ मान करून उभा राहिलेला. तिला वाटलं, खरं सांगावं. तो मोठा माणूस आहे, खरं कळण्याचा त्याला हक्क आहे. मग तिनं त्याचे ओठ पाहिले, कोरडे, मधोमध वर्षानुवर्षं वाजवून पडलेला तो घट्टा, आणि तिला कळलं की खरं सांगितल्यावर हा माणूस उद्याची सकाळ पाहणार नाही.

“ते नाव माझं आहे,” ती म्हणाली.

अंकुशला कळलं नाही. “काय?”

“माझ्या घशात होतं ते. कधीपासून, कोण जाणे. मला काही झालं नाही. मंगळवारी तेजू माझ्या ताटात जेवली, माझ्याच पेल्यातलं पाणी प्याली. तुला माहीत आहे ती कशी करायची. आणि गुरुवारी सकाळी डोकं दुखतंय म्हणून आली, तर मी तिला झोपायला पाठवलं. चार तास गेले माझ्यामुळे.”

ताटात जेवणं खरं होतं. झोपायला पाठवणं खरं होतं. त्या खऱ्याच्या आधारानं खोटं सरळ उभं राहिलं.

अंकुश पुढे आला. तिला वाटलं, आता हात उगारेल. त्यानं उगारला नाही. तो तिच्याकडे, तिच्या तोंडाकडे, पाहत राहिला, जणू तिथं काहीतरी दिसेल. मग तो मटकन खाटेवर बसला आणि शर्टाची बाही वर सारली.

“टोचा,” तो सिस्टरला म्हणाला.

सुई आत गेली, बाहेर आली. त्यानं कापसाचा बोळा दंडावर दाबून धरला, दुसऱ्या हातानं फोन उचलला आणि कुणाला तरी सांगितलं, “बाळ्या, गाड्या रद्द कर. त्या पोरीचं नाव घेऊ नगा कुणी. ती न्हवं.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “घरातलीच निघाली,” तो म्हणाला.

फोन ठेवून तो भिंतीकडे तोंड करून बसला. “आता जा. मी मेलो तरी या घराचा उंबरा चढू नगंस.”

सिस्टर पुढे जाऊन गाडीत बसली. योगिता अंगणातून निघाली तेव्हा बायका बाजूला सरकल्या. आतलं बोलणं ओट्यापर्यंत पोचलं होतं. फाटकापाशी मागून पावलं वाजली. वहिनी होती. सुमनवहिनी, बोलायला कायम मागे असणारी.

“ताई, इंजेक्शन एकच आणलंत.”

“उद्या बाकीची...”

“माझ्याशी खोटं नका बोलू.” वहिनी खालच्या आवाजात, ओठ फारसे न हलवता बोलत होती, पाठीमागे सगळं अंगण बघत होतं. “मीही त्या दिवशी रुग्णालयात होते, माझाही स्वॅब घेतला होता. ह्यांच्या शेजारी बसले, ह्यांच्याबरोबर घरी आले. मला नाही, आत्तीबाईंना नाही. एकट्या ह्यांच्यासाठीच तुम्ही एवढ्या धावत आलात.” ती थांबली. “तुमच्या घशात काही नव्हतं. होय ना?”

“मी शब्द दिलाय, वहिनी. नाव मला सांगता येत नाही.”

एवढं पुरे झालं. वहिनीनं फाटकाचा गज धरला. तिनं मान वळवून घराकडे पाहिलं, आतल्या खोलीच्या खिडकीकडे, आणि बराच वेळ तिकडेच पाहत राहिली.

“त्यांना कळलं तर ते जगायचे नाहीत,” ती म्हणाली.

“म्हणून.”

“मग मलाही तुमच्याशी बोलता यायचं नाही. लग्नात नाही, मयतीत नाही. मी बोलले तर ते विचारतील, पोरीची आई असून हिनं माफ कसं केलं? आणि एकदा विचारायला लागले की थांबायचे नाहीत.”

“मला ठाऊक आहे.”

वहिनीनं गजावरचा हात सोडला आणि गजांच्या आडून, कुणाला दिसणार नाही असा, योगिताच्या मनगटावर ठेवला. घट्ट. तिचा हात तापलेला होता की योगिताचाच थंड, ते कळेना. मग तो हात निघून गेला.

“निघा!” वहिनी ओरडली. इतक्या मोठ्यानं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. “परत तोंड दाखवू नका इथं!”

आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा बेतानं तिनं फाटक धाडकन लावलं आणि कडी घातली.